लिंबूटिंबू कीं खेळाडू?

वाड्याच्या चौकांत किंवा आळीच्या तोंडाशीं मुलें खेळूं लागलीं म्हणजे त्यांच्या मेळ्यांत एखादें ‘लिंबूटिंबू’ हटकून असतें. त्याला खेळांत घेतलेलें असतें, पण धरलेलें नसतें. तें धांवतें, ओरडतें, घामाघूम होतें. परंतु तें बाद झालें तरी त्याला कोणी बाद म्हणत नाहीं, आणि त्यानें गडी शिवला तरी तो गडी बाहेर जात नाहीं. वडीलधाऱ्या माणसांना यांत मुलांची दयाबुद्धि दिसते. परंतु ज्यानें स्वतः कधीं लिंबूटिंबूपण भोगलें आहे त्याला विचारावें. तो सांगेल कीं, त्या दयेपेक्षां बाद होऊन कडेला जाऊन बसणें पुष्कळ गोड. कारण जो बाद होऊं शकतो, तोच खेळांत असतो.

मुलींच्या अंगीं आत्मविश्वास कसा यावा, याविषयीं सांप्रत पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. शाळांच्या संमेलनांतून त्यावर व्याख्यानें होतात, पालकांना सूचना दिल्या जातात, आणि मुलीहि मुलांपेक्षां उण्या नाहींत हें मुलींना पुनःपुन्हां ऐकविलें जातें. या खटाटोपामागील हेतु चांगला आहे, यांत शंका नाहीं. परंतु आत्मविश्वास हा सांगून येणारा गुण आहे, कीं घडून येणारा? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर व्याख्यानांपेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट मिळतें. आणि तो इतिहास दीडशें वर्षांहून अधिक काळ सलग पाहावयाचा असेल, तर वाचकांनीं आपल्या चौकांतून उठून थोडा वेळ अमेरिकेंतील बेसबॉलच्या मैदानाकडे चलावें, अशी विनंति आहे. त्या देशांत बेसबॉल हा केवळ करमणुकीचा प्रकार नव्हे. गांवोगांव त्याचीं मैदानें आहेत, बापानें मुलाला घेऊन दिलेला पहिला हातमोजा जपून ठेवण्याची चाल आहे, आणि गांवाचा अभिमान गांवच्या संघाशीं जडलेला आहे. म्हणून त्या मैदानावर कोणाला धरावें आणि कोणाला धरूं नये, हा वाद तेथें वस्तुतः गांवांत कोणाला धरावें याचाच वाद होऊन बसला.

ज्यांना हा खेळ परिचित नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. प्रत्येक बाजूस नऊ गडी असतात. मैदानांत चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असून मोठ्यांच्या खेळांत एका ठाण्यापासून दुसरें ९० फूट अंतरावर असतें. चेंडू फेकणारा, ज्याला पिचर म्हणतात, तो टप्पा न पाडतां चेंडू फेंकतो. फलंदाजानें तो टोलवून चारी ठाणीं फिरून घरीं यावयाचें. या खेळांतील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, नऊ फलंदाजांचा क्रम आरंभींच ठरतो व तो फिरत राहतो. संघांत कितीहि मोठा फलंदाज असला तरी त्याला इतर आठांचे डाव झाल्यावांचून पुन्हां बॅट हातीं घेतां येत नाहीं. आणि जो सर्वांत कच्चा, त्याचाहि डाव नियमानेंच येतो, कोणाच्या मेहेरबानीनें नव्हे. दुसरी गोष्ट ही कीं, दहा प्रयत्नांत तीन वेळां टोला साधणारा फलंदाज या खेळांत उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तमांतला उत्तम खेळाडूहि दहांपैकीं सात वेळां फसतो. अपयश हें येथें लाजिरवाणें नसून रोजच्या व्यवहारांतलें आहे. ज्या मुलीला लहानपणापासून ‘चुकूं नकोस’ एवढेंच शिकविलें गेलें, तिला चुकून पुन्हां उभें राहावयास शिकविणारा याहून चांगला गुरु क्वचितच मिळेल. प्रश्न एवढाच होता कीं, त्या गुरूच्या शाळेंत तिला प्रवेश कोण देणार?

पहिला प्रवेश कॉलेजच्या कुंपणाआड मिळाला. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी या गांवीं १८६५ सालीं व्हासार कॉलेज हें मुलींचें कॉलेज उघडलें. आणि दुसऱ्याच वर्षीं, १८६६ सालीं, तेथील विद्यार्थिनींनीं लॉरेल व अबेनाकी असे बेसबॉलचे दोन क्लब काढले. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपून अवघें एक वर्ष झालें होतें, आणि उच्च शिक्षणाच्या श्रमानें मुलींची प्रकृति ढासळेल असें मोठमोठे विद्वान् सांगत होते. पायघोळ झगे घालून त्या मुली खेळत. सोफिया फॉस्टर रिचर्डसन या तेथील एका जुन्या विद्यार्थिनीनें पुढें एक आठवण सांगितली आहे. एक मुलगी धांवतां धांवतां पडली व तिचा पाय दुखावला. आतां आपला खेळ बंद होणार, या भीतीनें मैत्रिणी तिला दवाखान्यांत घेऊन गेल्या. परंतु कॉलेजच्या स्त्री-डॉक्टरनें खेळाला दोष दिला नाहीं. लोक या खेळाला धसमुसळा म्हणून नांवें ठेवतील. पण हीच मुलगी नाचतांना पडली असती, तर नाच बंद करा असें कोणी म्हटलें नसतें, अशा अर्थाचें ती बोलली. या लहानशा प्रसंगांत पुढच्या शंभर वर्षांचा वाद सांठविलेला आहे. इजेची भीति ही खरी भीति नव्हती. मुलगी कोणत्या जागीं पडते, यावर तिच्या पडण्याचा अर्थ ठरत होता.

कुंपणाच्या आंत हें असें चाललें असतां बाहेरच्या जगांत मुलीला मैदानावर येण्याची एकच वाट होती, ती म्हणजे नवलाची. १८९० च्या सुमारास आणि त्यापुढें ‘ब्लूमर गर्ल्स’ या नांवाचे स्त्रियांचे फिरते संघ गांवोगांव जाऊन पुरुषांच्या संघांशीं सामने खेळत. त्यांना पाहावयास लोक तिकिटें काढून येत. ओहायो संस्थानांतील आल्टा वाइस ही सतरा वर्षांची मुलगी १९०७ सालीं व्हर्मिलियन गांवच्या पुरुषांच्या संघांत पिचर म्हणून उभी राहिली, तेव्हां तिचा खेळ पाहाण्यासाठीं क्लीव्हलंडहून खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. तिचा बाप डॉक्टर होता. हिंवाळ्यांतहि मुलीचा सराव चुकूं नये म्हणून त्यानें तिच्यासाठीं व्यायामशाळा बांधून दिली. आल्टानें खेळाच्या मिळकतीवर वैद्यकीचें शिक्षण घेतलें, आणि १९१४ सालीं ती डॉक्टर झाली तेव्हां तिच्या वर्गांत ती एकटीच स्त्री होती. अशा मुलीच्या आत्मविश्वासाबद्दल कोण शंका घेईल? परंतु तिच्यामागें बापाचा पैसा होता, बापाची हिंमत होती, आणि तिच्या अंगीं लोकोत्तर कसब होतें. ज्या मुलीपाशीं या तिहींपैकीं एकहि नाहीं, तिच्यासाठीं आल्टाच्या यशानें कोणतेंहि दार उघडलें नाहीं. लोकांनीं टाळ्या वाजविल्या, तिकिटांचे पैसे वसूल झाल्याचें समाधान मानलें, आणि ते घरीं गेले.

नवल जोंवर नवल असतें तोंवर कोणाची हरकत नसते. तें नियमांत बसूं लागलें म्हणजे मात्र नियम बदलतात. १९२८ सालची गोष्ट या दृष्टीनें फार बोलकी आहे. इंडियाना संस्थानांत ब्लँफर्ड नांवाचें कोळशाच्या खाणींचें एक लहानसें गांव आहे. तेथील मुलांच्या संघांत मार्गारेट जिसोलो ही चौदा वर्षांची मुलगी खेळत असे. माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संस्थेनें भरविलेल्या सामन्यांत शेजारच्या क्लिंटन गांवाविरुद्ध जादा डावांपर्यंत लांबलेला एक सामना तिच्या टोल्यानें जिंकला गेला. हरलेल्या बाजूनें तक्रार केली कीं, मुलीला खेळविणें नियमाविरुद्ध आहे. नियम चाळून पाहातां मुलींना स्पष्ट मनाई कोठेंच आढळेना. तेव्हां वरिष्ठांनीं तिला खेळूं दिलें, आणि तिच्या संघानें त्या वर्षीं सबंध इंडियाना संस्थानाचें अजिंक्यपद मिळविलें. पुढच्याच वर्षीं मुलींना बंदी करण्यांत आली. जोंवर कोणी मुलगी जिंकली नव्हती तोंवर बंदीची गरजच भासली नव्हती! मार्गारेट पुढें विद्यापीठांत नृत्याची प्राध्यापिका झाली. व्हासारच्या त्या स्त्री-डॉक्टरनें हें ऐकलें असतें तर ती खास हंसली असती.

१९३१ सालीं २ एप्रिल रोजीं टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा येथें सतरा वर्षांच्या जॅकी मिचेलनें न्यूयॉर्क यँकीज संघाविरुद्धच्या प्रदर्शनीय सामन्यांत बेब रूथ व लू गेरिग या त्या काळच्या दोन महारथींना पाठोपाठ बाद केलें. हा सर्व बनाव आधीं ठरलेला होता काय, यावर अद्याप वाद चालतो. आमच्या मतें त्या वादापेक्षां पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. १९५२ सालीं हॅरिसबर्ग येथील व्यावसायिक संघानें एलिनॉर एंगल या स्त्रीशीं करार केला असतां दुय्यम लीगांच्या नियामक मंडळानें तो तर रद्द ठरविलाच, पण यापुढें स्त्रियांशीं कोणीहि करार करूं नये, असा दंडकच घालून दिला. एकेका स्त्रीच्या पराक्रमानें वाट मोकळी होत जाते, असा आपला एक भाबडा समज असतो. बेसबॉलचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. एकटीचा पराक्रम हा अपवाद ठरतो, आणि अपवाद नियमाला मोडीत नाहीं. पुष्कळदां तो त्याला अधिक घट्ट करतो.

मग समूहानें काय साधलें? दुसऱ्या महायुद्धांत पुरुष खेळाडू सैन्यांत गेले आणि मैदानें ओस पडतील अशी धास्ती वाटूं लागली, तेव्हां शिकागोचे धनिक फिलिप रिग्ली यांनीं १९४३ सालीं स्त्रियांची व्यावसायिक लीग काढली. रॉकफर्ड, रसीन, केनोशा, साउथ बेंड अशा मध्यम शहरांत तिचे संघ उभे राहिले. १९४८ सालीं तिचे सामने पाहावयास नऊ लाखांवर प्रेक्षक आले. आणि १९५४ मध्यें ती बंद पडेपर्यंत सहाशेंहून अधिक स्त्रिया तींत खेळून गेल्या. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलींनीं स्वतःच्या कमाईचा पैसा प्रथमच हातांत पाहिला, सबंध देश पाहिला, आणि पुढें कित्येकींनीं शिक्षिकेचा अथवा तत्सम पेशा पत्करला. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याची किंमतहि द्यावी लागली. खेळाडूंनीं आंखूड झगेच घालावेत, ओठ रंगवावेत, बसण्याउठण्याचे धडे घ्यावेत, असे नियम होते. उघड्या पायांनीं मातीवर घसरत ठाणें गांठतांना कातडी सोलून निघे, तरी पोषाख बदलला नाहीं. तूं खेळाडू आहेस, पण त्याआधीं तूं पाहाण्याची वस्तु आहेस, हा त्या पोषाखाचा अर्थ होता.

याहून मोठें वैगुण्य म्हणजे या लीगनें कृष्णवर्णीय स्त्रियांना कधींच आंत घेतलें नाहीं. मेमी जॉन्सन ही उत्तम पिचर निवडीसाठीं गेली असतां तिला दारावरूनच परत लाविण्यांत आलें. ती, टोनी स्टोन आणि कॉनी मॉर्गन या तिघी १९५३ व १९५४ या वर्षांत ‘इंडियानापोलिस क्लाउन्स’ या कृष्णवर्णीय पुरुषांच्या संघांतून खेळल्या. ज्यांना स्वतःला दारावरून परतविण्यांत आलें होतें, अशांच्या संघानें या स्त्रियांना जागा दिली. आणि ज्या स्त्रियांना नुकतीच जागा मिळाली होती, त्यांच्या लीगनें दार लावून घेतलें. मुलींसाठीं म्हणून काढलेली संस्था सर्व मुलींसाठीं नसेल, तर ती कांहीं मुलींना धीर देते आणि उरलेल्यांना तूं यांतहि नाहींस हें दुप्पट जोरानें सांगते.

आतांपर्यंत आपण मोठ्यांच्या मैदानावर होतों. परंतु आत्मविश्वासाचें बीं सतराव्या वर्षीं पेरलें जात नाहीं, तें आठव्या-नवव्या वर्षीं पडतें. म्हणून या इतिहासाचा खरा गाभा बालकांच्या खेळांत आहे. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील विल्यम्सपोर्ट येथें कार्ल स्टॉट्झ या गृहस्थानें १९३९ सालीं तीन संघांनिशीं ‘लिटल लीग’ सुरू केली. मैदान लहान, अंतरें लहान, शिकविणारे शेजारपाजारचे बापे, खर्च गांवांतल्या दुकानदारांचा, अशी ही योजना सुटसुटीत होती. म्हणूनच ती सर्व देशभर पसरली. तींत मुलगे मात्र होते. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्निंग गांवीं १९५० सालीं कॅथरिन जॉन्स्टन या मुलीनें आईकडून आपल्या वेण्या कापून घेतल्या, चित्रकथेंतील एका मुलाचें ‘टबी’ हें नांव घेतलें, आणि मुलगा म्हणून ती संघांत शिरली. कांहीं दिवसांनीं तिनें शिक्षकाला खरें काय तें सांगितलें. शिक्षक समंजस होता. खेळतेस चांगली, तर राहा, असें त्यानें ठरविलें, आणि ती तो हंगाम खेळली. त्यानंतर लिटल लीगनें मुलींना घेऊं नये असा नियम केला, आणि त्या नियमाला लोक ‘टबीचा नियम’ म्हणूं लागले. जिंकणाऱ्या मार्गारेटला जें उत्तर मिळालें, तेंच नुसत्या खेळूं इच्छिणाऱ्या कॅथरिनलाहि मिळालें. त्या वेण्या कापतांना आईला काय वाटलें असेल, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. मुलीला तिचा डाव मिळावा म्हणून तिच्या मुलीपणाचीच खूण कापून टाकावी लागली.

हा नियम तेवीस वर्षें टिकला. न्यू जर्सी संस्थानांतील होबोकन हें शहर बेसबॉलच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, कारण नव्या नियमांनीं खेळलेल्या पहिल्या नामांकित सामन्यांपैकीं एक सामना तेथेंच १८४६ सालीं झाला. त्याच शहरांत १९७२ सालीं मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी शिक्षकाच्या निमंत्रणावरून लिटल लीगच्या एका संघांत आली आणि तीन सामने खेळली. तेवढ्यांत वरून हुकूम आला कीं, मुलीला काढा, नाहीं तर गांवची मान्यताच काढून घेऊं. गांवांतील इतर सर्व मुलांचा खेळ आपल्यापायीं बंद पडणार, हें ओझें त्या पोरीच्या खांद्यावर पडलें. शिक्षकानें घरीं येऊन तिला ही गोष्ट सांगितली, टोपी तिच्याजवळ राहूं दिली, आणि धांवांची नोंद ठेवण्याचें काम देऊं केलें. कळवळ्यानें देऊं केलेलें तें काम होतें, यांत शंका नाहीं. तरी तें लिंबूटिंबूचेंच काम नव्हे काय? दुसऱ्यांच्या धांवा मांडावयाच्या, आपल्या कोणी मांडावयाच्या नाहींत.

एका राष्ट्रीय स्त्री-संघटनेनें तिच्या वतीनें दाद मागितली. मुलींचीं हाडें मुलांच्या हाडांहून नाजूक असतात, असा युक्तिवाद लिटल लीगतर्फे करण्यांत आला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वींचीच भीति शास्त्राचा अंगरखा घालून पुन्हां पुढें आली. सुनावणी सिल्व्हिया प्रेसलर यांच्यापुढें झाली. हा खेळ जर अमेरिकन जीवनाचा इतका स्वाभाविक भाग आहे, तर त्यापासून निम्म्या मुलांना वंचित ठेवण्यास कारण नाहीं, असा त्यांच्या १९७३ च्या नोव्हेंबरांतील निर्णयाचा मथितार्थ होता. त्यावर न्यू जर्सींतील कित्येक गांवांनीं मुलींना घेण्यापेक्षां सर्वांचाच खेळ स्थगित करणें पसंत केलें. १९७४ च्या मार्चमध्यें वरिष्ठ न्यायालयानें निर्णय कायम केला. त्याच वर्षीं लिटल लीगनें आपला नियम मागें घेतला. आणि डिसेंबरांत अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीनें लिटल लीगच्या सनदेंतील ‘मुलगे’ हा शब्द जाऊन ‘लहान वयाचीं माणसें’ अशा अर्थाचे शब्द आले. सनदेंत खेळाचे हेतु म्हणून नागरिकत्व, खिलाडूपणा व पौरुष असे तीन गुण नमूद केले होते. त्यांतील ‘पौरुष’ गाळण्यांत आलें आणि पहिले दोन राहिले. दोन-चार शब्दांची ही खाडाखोड आम्हांस अनेक पराक्रमांहून मोठी वाटते. मारियाला स्वतःला मात्र तिचा उपयोग झाला नाहीं. लिटल लीगची वयोमर्यादा बारा वर्षांची, आणि निकाल लागला तेव्हां ती चवदा वर्षांची झाली होती.

येथें कोणीहि कथा संपवील. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. ज्या वर्षीं लिटल लीगनें मुलींना दार उघडलें, त्याच वर्षीं तिनें मुलींसाठीं सॉफ्टबॉलची निराळी शाखा काढली. सॉफ्टबॉल हा मोठ्या चेंडूचा व लहान मैदानाचा खेळ. तो स्वतः उत्तम खेळ आहे, आणि त्यांत निपुण झालेल्या स्त्रियांचा आम्हीं येथें अनादर करीत नाहीं. परंतु दार उघडून त्याच्याशेजारीं ‘मुलींसाठीं वाट इकडे’ अशी पाटी लाविली, तर बहुतेक मुली त्या पाटीप्रमाणेंच जाणार. जी मुलगी आठव्या वर्षीं भावाबरोबर बेसबॉल खेळे, तिला बाराव्या-तेराव्या वर्षीं कोणी तरी हलक्या आवाजांत सांगे कीं, आतां तुझी जागा तिकडे आहे. वेगळेपण निवडणें आणि वेगळेपण लादलें जाणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

हें अंतर ओळखून ज्यांनीं काम केलें, त्यांच्या उद्योगाकडे आतां वळूं. ऱ्होड आयलंड संस्थानांतील पॉटकेट शहरीं एका मुलीला गांवच्या लीगनें नाकारलें, तेव्हां तेथील पालकांनीं १९७३ सालीं मुलींचीच लीग उभी केली. ‘पॉटकेट स्लेटरेट्स’ या नांवानें ती पुढें अनेक दशकें चालत राहिली, आणि लहान मुलींपासून प्रौढ स्त्रियांपर्यंत सर्वांना तिनें मैदानावर जागा दिली. क्लीव्हलंडच्या जस्टीन सीगल यांना तेराव्या वर्षीं शिक्षकानें सांगितलें होतें कीं, मुलींनीं सॉफ्टबॉल खेळावा. त्यांनीं तें ऐकलें नाहीं. त्या २०१५ सालीं ओकलंडच्या व्यावसायिक संस्थेंत शिक्षिका म्हणून नेमल्या गेल्या व असा मान मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, २०१० सालीं त्यांनीं ‘बेसबॉल फॉर ऑल’ ही संस्था काढली. गांवोगांवच्या संघांत एकट्या पडलेल्या मुलींना एकत्र आणून मुलींच्याच संघांचे देशव्यापी सामने भरविण्याचें काम ती करते. जी मुलगी वर्षभर अकरा-बारा मुलग्यांत एकटी असते, ती अशा मैदानावर आली म्हणजे पिचर मुलगी, फलंदाज मुलगी, चुकणारी मुलगी आणि जिंकणारीहि मुलगी, असें दृश्य तिला प्रथमच दिसतें. एकटी असतांना तिची प्रत्येक चूक ही ‘मुलींची’ चूक असे. आतां ती केवळ तिची होते. हा भार उतरणें हीच आत्मविश्वासाची पहिली पायरी आहे, असें आम्हांस वाटतें.

मुलींना मुलांपासून वेगळें न काढतांहि हें साधतें, याचें उदाहरण फिलाडेल्फियांत आहे. त्या शहराच्या दक्षिण भागांत मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेच्या नांवाचें एक सार्वजनिक क्रीडाकेंद्र आहे. १९३९ सालीं वॉशिंग्टनच्या एका प्रसिद्ध सभागृहानें वर्णामुळें या गायिकेला गाऊं दिलें नव्हतें, आणि त्यावर तिनें लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभें राहून हजारों लोकांपुढें गाइलें. लिटल लीगचा जन्म त्याच सालचा, हा एक लक्षांत राहण्याजोगा योगायोग. या क्रीडाकेंद्रांत ‘अँडरसन मोनार्क्स’ नांवाच्या वस्तींतल्या मुलामुलींच्या संघांत मोने डेव्हिस ही मुलगी लहानपणापासून खेळली. २०१४ सालच्या ऑगस्टमध्यें विल्यम्सपोर्टच्या जागतिक स्पर्धेंत तेरा वर्षांच्या मोनेनें प्रतिस्पर्ध्यांना एकहि धांव काढूं न देतां सामना जिंकून दिला. पिचर म्हणून असा विजय मिळविणारी ती तेथील पहिली मुलगी. वर्तमानपत्रें तिच्या नांवानें भरून गेलीं. परंतु आल्टा वाइस व मोने डेव्हिस यांत एक भेद आहे. आल्टामागें एक श्रीमंत बाप होता. मोनेमागें एक वस्ती होती, एक मैदान होतें, एक चिकाटीचा शिक्षक होता, आणि मुलगी म्हणून तिला वेगळें न काढणारे सवंगडी होते. तिच्या बाजूला खेळणाऱ्या ज्या मुली कधींच प्रसिद्ध झाल्या नाहींत, त्यांनाहि तेंच मैदान व तोच क्रम मिळाला. नवल वर दिसतें. मूळ खालीं असतें.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आम्ही असा काढतों. मुलीच्या अंगचा धीटपणा तिच्या विजयानें येत नाहीं, आणि तिच्या कौतुकानें तर नाहींच. मार्गारेट जिंकली आणि तिला काढलें. जॅकीचें कौतुक झालें आणि दंडक आला. धीटपणा येतो तो आपला डाव येणारच या खात्रीनें. आज फसलें तरी उद्यां क्रमानें माझें नांव पुकारलें जाईल, माझी चूक मांडली जाईल आणि माझी धांवहि मांडली जाईल, ही ती खात्री. ती उपदेशानें देतां येत नाहीं, तिच्यासाठीं व्यवस्था लागते. मैदान लागतें, वेळ लागतो, सर्वांना परवडेल अशी वर्गणी लागते, चुकल्यावर न हंसणारा शिक्षक लागतो, आणि सनदेंतला योग्य शब्द लागतो. या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. पण एकेकीसाठीं कोणाला तरी वर्षानुवर्षें झगडावें लागलें, हें आपण आतांच पाहिलें.

आपल्या घरांतहि मुलींचें कौतुक कांहीं कमी होत नाहीं. तिच्या बक्षिसांचीं छायाचित्रें दिवाणखान्यांत लागतात, आणि ती कोठें पडूं नये म्हणून सर्व घर जपत असतें. तें जपणें प्रेमाचें आहे, हें आम्हीं जाणतों. परंतु संध्याकाळीं आळींत खेळ मांडला जाईल तेव्हां एकदां गॅलरींत उभें राहून पाहावें, आपल्या मुलीचा डाव कोणी मोजतो आहे काय. ती बाद झाली आणि मुलांनीं एकमुखानें ‘बाद!’ म्हणून ओरडा केला, तर वाईट वाटून घेऊं नये. ती रुसेल, पाय आपटील, कडेला जाऊन बसेल. बसूं द्यावें. तिचें लिंबूटिंबूपण संपलें आहे.